पडद्याआडून पाच हात

पहिल्या भेटीतच सासऱ्यांनी माझ्या पाठीमागे स्टीलचं झाकण पाडलं. चुकून नव्हे, मुद्दाम. मी सोफ्याच्या टोकाला अंग चोरून बसलो होतो, हातात चहात बुडवलेलं बिस्कीट, समोर होणाऱ्या सासूबाई, आणि मागून एकदम ठण्ण! बिस्कीट कपात गेलं, चहा पँटवर आला, आणि वळून बघतो तर हे गृहस्थ शांतपणे खिशातल्या वहीत काहीतरी टिपून घेतायत. झाकण उचलायचीही तसदी घेतली नाही. त्यांची मुलगी, म्हणजे आता माझी बायको, गालातल्या गालात हसत म्हणाली, "बाबा सगळ्यांनाच करतात रे असं. दचकलास ते बरं झालं. जो दचकत नाही त्याला ते नापास करतात."

लग्नानंतर आम्ही दोघं सासऱ्यांकडेच राहायला लागलो आणि महिन्याभराने ती वही माझ्या हाती लागली. माझ्याबद्दल लिहिलं होतं: 'खोलीत शिरल्यावर बराच वेळ भिंतीच्या कडेने. मध्यभागी येण्यास चार मिनिटे. अंग ताठ. हाताळणीस विरोध नाही. मोठ्या आवाजाला प्रतिसाद ठळक. एकूण प्रकृती निरोगी.' पगार, शिक्षण, घराणं यांतलं एक अक्षर नव्हतं. ते त्यांनी भेटीआधी कुणाला सांगूच दिलं नव्हतं म्हणे. "आधी कळलं की डोळे तेवढंच बघायला लागतात," असं त्यांचं म्हणणं. मला राग आला होता. पण ज्या तपासणीत आपण पास झालो तिला फार नावंही ठेवता येत नाहीत.

सासऱ्यांची नोकरी उंदरांचं वागणं बघण्याची. हे ऐकून माझे मित्र खो खो हसतात, म्हणून नीट सांगतो. रंग, गोंद, कीटकनाशक, फरशी पुसायचं द्रव, असलं काहीही नवीन रसायन बाजारात येण्याआधी ते माणसाच्या मेंदूला आणि नसांना बाधेल का, हे तपासावं लागतं. त्यासाठी प्रयोगशाळेत पांढऱ्या उंदरांना ते रोज ठरावीक मापात पाजतात. काहींना कमी, काहींना जास्त, काहींना नुसतं पाणी. कुणाला काय मिळालं याची यादी दुसऱ्या खोलीत कुलपात असते. सासऱ्यांपुढे येतो तो फक्त नंबर. तो नंबर पिंजऱ्यात कसा बसलाय, उचलताना अंग सैल सोडतो की ताठ करतो, उघड्या पेटीत ठेवला तर तीन मिनिटांत किती वेळा मागच्या पायांवर उभा राहतो, टाळीला दचकतो का, हे बघून शून्य ते तीन असे आकडे मांडायचे. मागच्या पायांना शाई लावून त्याला फूटभर उंचीवरून कागदावर सोडायचं आणि दोन ठशांमधलं अंतर मोजायचं, हाही त्यातलाच प्रकार. नसा बिघडल्या की पाय फाकतात.

एकतीस वर्षं हे केल्यावर माणूस ते कामावर ठेवून घरी येईल कसा? घरात सुगंधी साबणाला बंदी, कारण उंदीर नव्या वासाला बिचकतात आणि मग दिवसभराचे आकडे वाया. आमच्या हिने कॉलेजात असताना एकदा अत्तर लावलं तर तिला दोन दिवस मावशीकडे धाडलं होतं. तळमजल्यावरच्या निवृत्त पोस्टमनच्या चपलांचा आवाज बदलला म्हणून यांनी त्याला जबरदस्तीने डॉक्टरकडे पाठवलं, आणि खरोखरच त्याच्या पायाची नस दबलेली निघाली. तेव्हापासून इमारतीतली माणसं यांच्यासमोरून जाताना जरा जास्तच सरळ चालतात.

मागच्या वर्षी एका नव्या गोंदाची तपासणी चालू होती. त्यात पकडीची एक चाचणी असते. उंदराने पुढच्या पायांनी तारेची जाळी धरायची, सासऱ्यांनी त्याला शेपटीच्या मुळाशी धरून मागे ओढायचं, आणि तो जाळी सोडेल त्या क्षणाचा जोर यंत्र दाखवणार. ओढणं एकसारखं हवं. जरा हिसका बसला की उंदीर लवकर सोडतो आणि आकडा पडतो. सासऱ्यांचा हात यात इतका बसलेला की नव्या लोकांना मुद्दाम त्यांच्यापाशी आणून उभं करायचे. आणि तीन आठवडे ओळीने आकडे पडत गेले. एकदोन पिंजऱ्यांचे नव्हे, झाडून सगळ्यांचे. यादी कुलपात असली तरी एवढं कुणालाही कळतं की त्यांत नुसतं पाणी पिणारेही होते. पाणी पिऊन कुणाची पकड सुटत नाही.

यंत्राला वजनं अडकवून पाहिली, यंत्र ठीक. मग तेच उंदीर शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी ओढले. या बाईंना तिथे सगळे 'दुसरा डोळा' म्हणतात, कारण दोन निरीक्षकांचे आकडे जुळल्याशिवाय काहीच खरं धरत नाहीत आणि वीस वर्षं त्या सासऱ्यांच्या जोडीला आहेत. त्यांनी ओढल्याबरोबर आकडे जागच्या जागी. प्रयोगशाळेच्या मॅडमनी सासऱ्यांना बोलावून घेतलं, बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "यंत्र नाही, उंदीर नाहीत. मग उरलं काय, ते सोमवारी तुम्हीच मला सांगा." याचा अर्थ सासऱ्यांना बरोबर कळला. हात कापतो असं ठरलं की टेबल जाणार. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं, आणि त्या टेबलाशिवाय त्या माणसाला आयुष्याकडून दुसरं काही नको होतं.

घरी आले ते उंदरांवरच भडकलेले.

"मुद्दाम सोडतात जाळी," ते म्हणाले. "लाडावलेत नुसते. ती शेजारच्या टेबलावरची त्यांच्याशी गोड गोड बोलते ना!"

"उंदीर मुद्दाम करतील असं?" मी विचारलं.

"जावईबापू, तुम्ही कधी उंदीर हातात घेतलाय? नाही ना? मग बिस्कीट खा."

मी बिस्कीट खाल्लं. तोंड बंद ठेवायचं खरं कारण वेगळंच होतं. त्यांचा उजवा हात कापतो, हे वर्षभर आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. सासूबाई त्यांना चहा अर्धा कपच देत होत्या. विचारलं की म्हणायच्या, दूध कमी आलंय. दूध वर्षभर कमीच येत होतं. आमच्या हिने त्यांच्या वाढदिवसाला तीन बिनबटणांचे टीशर्ट आणले होते. आणि पार्सलवाला आला की सही करायला मी असा धावायचो की त्याला वाटत असेल, या घरात लिहिता-वाचता येणारा हा एकटाच. गंमत म्हणजे आम्ही तिघंही याबद्दल एकमेकांशी अवाक्षर बोललो नव्हतो. आज त्याची लाज वाटते. अख्ख्या इमारतीच्या चालण्यावर डोळा ठेवणाऱ्या माणसाला आम्ही त्याच्याच घरात अंधारात ठेवलं होतं, आणि वर स्वतःला फार शहाणे समजत होतो.

शुक्रवारी जेवताना त्यांनी जाहीर केलं, "माझी तपासणी करायची. रीतसर."

"डॉक्टरकडे जाऊ या की मग," सासूबाई म्हणाल्या.

"डॉक्टर आधी विचारणार, काय होतंय? मी सांगणार, हात. मग तो हातच बघणार आणि हातातच खोट काढणार. याला तपासणी म्हणत नाहीत. हात कुणाचा आहे, हे बघणाऱ्याला कळता कामा नये."

"म्हणजे काय, तोंड झाकून बसणार आहात?"

"पडदा लावायचा," सासरे म्हणाले. "आणि पाच हात."

शनिवारभर घरात दुसरा विषय नव्हता. सासऱ्यांनी इमारतीतून चार पुरुष गोळा केले: पोस्टमन, तिसऱ्या मजल्यावरचा शिंपी, समोरचे दातांचे डॉक्टर आणि लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक, जो खरं तर लिफ्ट दुरुस्त करायला आला होता. पाचवे स्वतः. बेडरूमच्या दारावरच्या पडद्याला शिंप्याने हात बाहेर येईल एवढी चीर पाडली. चांगला पडदा फाडताना त्याचा जीव वरखाली होत होता आणि सासूबाईंचा त्याहून जास्त. सगळ्यांना एकाच मापाचे पांढरे रबरी हातमोजे, घड्याळं आणि अंगठ्या काढून ठेवायच्या, सगळ्यांनी लांब बाह्या घालायच्या. चिठ्ठ्या काढून नंबर द्यायचं आणि कुणाचा कुठला ते गुप्त ठेवायचं काम माझ्याकडे.

पडद्याच्या बाहेर दोन निरीक्षक. एक अर्थात दुसरा डोळा. त्यांना फोन करून बोलावलं. दुसऱ्या सासूबाई. मी म्हटलं, "बाबा, आईंना कशाला? त्या ओळखतील."

"हातमोज्यात सगळे हात सारखे," ते ठामपणे म्हणाले. "आणि हिची नजर बारीक आहे. तांदळातला खडा हिला खोलीच्या दारातून दिसतो." उंदरांच्या बाबतीत एवढा सावध असलेला माणूस बायकोच्या बाबतीत इतका भाबडा असेल, असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी सासूबाईंना शून्य म्हणजे हात स्थिर, तीन म्हणजे फार कापणारा, हे समजावून सांगितलं आणि सरावासाठी माझा हात दिला. सासूबाईंनी मला दोन दिले. मी तक्रार केली तर म्हणाल्या, "जागरणं कमी करा."

रविवारी सकाळी दहाला सुरुवात. चाचण्या तीन. पसरलेल्या हातावर कागद ठेवायचा आणि तो किती फडफडतो ते बघायचं. पाण्याने काठोकाठ भरलेला कप बशीसकट वीस आकडे होईपर्यंत धरायचा. आणि शिंप्याकडची शर्टाची बटणं एकेक करून अरुंद तोंडाच्या बाटलीत टाकायची. पडद्याआड पाच मोठी माणसं हातमोजे घालून दाटीवाटीने उभी, आणि शाळेतल्या पोरांसारखी फिदीफिदी हसतायत. सासरे दर मिनिटाला दबक्या आवाजात दटावत होते, "आवाज नको! आवाजावरून ओळखतात!" तेवढ्यात पोस्टमन शिंकला, आणि बाहेरून सासूबाई सहज म्हणून गेल्या, "काढा घ्या हो पोस्टमन." सासऱ्यांनी कपाळावर हात मारला.

दातांच्या डॉक्टरांचा हात बारीक कापत होता. फार नाही, पण मी पडद्याच्या कडेने डोकावलो तर कागदाची कड सांगत होती. मेकॅनिकनेही माझ्या खांद्यावरून ते पाहिलं आणि दाढ काढायचा बेत त्याने तिथल्या तिथे पुढे ढकलला, हे मला त्याच्या चेहऱ्यावरच दिसलं.

मग तिसरा नंबर. तो सासऱ्यांचा होता. त्यांनी डोळे मिटले आणि हात चिरेतून बाहेर घातला. मी त्यांच्या बाजूला उभा होतो आणि या वेळी डोकावलो नाही, त्यामुळे हात मला दिसत नव्हता, फक्त खांदा दिसत होता. कागदाची फडफड मात्र ऐकू येत होती. मग कपाची बशीवर किणकिण. बारा आकडे झाले तेव्हा टेबलावर पाणी पडल्याचा आवाज आला. आमचं हसणं कधीच थांबलं होतं. शिंपी उगाचच छताकडे बघत होता. सासरे डोळे न उघडता माझ्या कानाशी पुटपुटले, "तुम्ही मोजत राहा, जावईबापू." मी मोजत राहिलो.

चौघे पुरुष गेल्यावर जेवणाच्या टेबलावर दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. पाच हात, तीन चाचण्या, पंधरा रकाने. मी एकेक वाचत गेलो. शिंपी दोन्हींकडे शून्य. मेकॅनिक शून्य. पोस्टमनला बटणांच्या चाचणीत दोघींचा एक. दातांच्या डॉक्टरांना दोघींचे एक, एक, शून्य, अगदी तंतोतंत. बारा रकाने जुळले. सासऱ्यांना क्षणभर आपल्या नव्या शिष्येचं, म्हणजे सासूबाईंचं, कौतुक वाटलं, ते चेहऱ्यावर आलंही.

"न जुळलेले कुठले?" त्यांनी विचारलं.

"तिसऱ्या नंबरचे," मी म्हटलं.

"तिन्ही?"

"तिन्ही."

दुसऱ्या डोळ्याच्या कागदावर दोन, दोन, दोन असं होतं. सासूबाईंच्या कागदावर शून्य, शून्य, शून्य. गोल गरगरीत, ठसठशीत शून्यं. दुसरा डोळा उठल्या, पर्स खांद्याला लावली आणि म्हणाल्या, "सर, मी दोन लिहिलेत. दोनच होते." त्यांचे डोळे भरून आले होते. सासऱ्यांनी मान हलवली. "दोनच होते," ते म्हणाले. "तीन लिहिले असतेस तर मी भांडलो असतो."

त्या गेल्यावर सासरे स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. आत सासूबाई कांदा चिरत होत्या.

"तुला कळलं होतं," सासरे म्हणाले.

"काय कळलं होतं?"

"तिसरा नंबर कोण ते."

"अहो, बशीखाली करंगळी घालून कप धरणारा माणूस या इमारतीत दुसरा आहे का कुणी? चौतीस वर्षं बघतेय तो हात. हातमोज्याचं काय घेऊन बसलात, पोतं घातलं असतंत तरी ओळखला असता."

"मग शून्य का दिलंस?"

सासूबाईंनी दुसरा कांदा घेतला.

"बाकीच्यांना बरोबर दिलेस ना? दातवाल्याचा एवढासा कंप टिपलास. म्हणजे दिसतंय तुला. आणि टेबलावर पाणी सांडलं ते दिसलं नाही?"

"पुसलं की मी ते."

 सासरे म्हणाले, "तुझ्या शून्यांनीच मला पटलं बघ. दोघींनी दोन दिले असते ना, तर मी म्हटलं असतं, कप फार भरला होता, पडदा हाताला लागत होता. मला वाद घालता आला असता. पण तू खोटं लिहिलंस, तेही एकाच हाताचं. आता वाद कुणाशी घालू?"

सासूबाईंनी सुरी खाली ठेवली. "वर्षभर आम्ही तिघं काळजीने अर्धे झालो आणि तुम्हाला आज पटतंय?"

"पटलं आज. दिसत होतं कधीचंच. चहा अर्धा कप कुठल्या तारखेपासून येतोय, ते माझ्या वहीत आहे. टीशर्टांची तारीख आहे. जावईबापू पार्सलवाल्यामागे कसे पळतात, त्याला वेगळं पान दिलंय."

"मग बोलला का नाहीत?" सासूबाईंचा आवाज चढला.

"तुम्ही तिघं इतकं मन लावून करत होता," सासरे म्हणाले, "की म्हटलं, चालू दे." सासूबाईंनी त्यांच्या दिशेने कांद्याचं साल भिरकावलं. ते त्यांना लागलं नाही.

टेबल गेलं, हे आधीच सांगून टाकतो. डॉक्टरांकडे ते पुढच्या आठवड्यात गेले. तिथेही 'तुम्ही आधी विचारायला नको होतं' म्हणून डॉक्टरांशी हुज्जत घातली. निदान झालं की वयाबरोबर काहींना जडतो तसा हा कंप आहे. जिवाला धोका नाही, पण जाणारही नाही. त्यांच्या हातची तीन आठवड्यांची नोंद बाद झाली आणि सगळे उंदीर दुसऱ्या डोळ्याने पुन्हा ओढले. सासऱ्यांना मॅडमनी कुलपाच्या खोलीत बसवलं, जिथे कुठल्या उंदराला काय पाजलं ती यादी असते. एकतीस वर्षं स्वतःला काहीही कळू न देण्यात घालवलेल्या माणसाला आता सगळं कळतं, आणि म्हणूनच उंदरांच्या खोलीत पाऊल टाकायला बंदी आहे. चेहऱ्यावरून बिंग फुटलं तर? जिन्यात दुसरा डोळा समोरून आल्या की हे भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. घरी येऊन त्याचीच नक्कल करून दाखवतात. ती नक्कल संपली की मला त्यांच्याकडे बघवत नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारी दुपारी ते जेवणाच्या टेबलावर फॉर्म भरत बसले होते. त्यांच्याकडे नियम असा की चुकलेली नोंद खोडायची नाही, फाडायची नाही. तिच्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी कारण लिहून सही करायची. मी म्हटलं, "द्या, मी लिहितो." त्यांनी पेन दिलं नाही. आधी स्वतःचे तीन आठवड्यांचे आकडे घेतले आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'निरीक्षकाचा उजवा हात'. अक्षर वाकडंतिकडं आलं. पुरावा म्हणून दोन्ही कागद जोडायचे होते. सासूबाईंच्या तीन शून्यांवर त्यांनी एकेक रेघ मारली आणि कारणापाशी अडले.

"नजरचूक लिहा," मी सुचवलं.

"नजरचूक नव्हती. खोटं कसं लिहू?" त्यांनी पेन टेबलावर दोनदा आपटलं आणि आत हाक मारली, "अगं, तुझी शून्यं रद्द करतोय. कारण काय घालू?"

आत भांड्यांचा आवाज थांबला. मग सासूबाई म्हणाल्या, "घाला, बायको आहे म्हणून."

त्यांनी तेच लिहिलं, शब्द न बदलता, आणि खाली सही केली. सोमवारी मॅडमनी तो फॉर्म पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, त्या ओळीपाशी पेन टेकवलं आणि शेजारी लिहिलं, 'कारण मान्य'.